सत्ताविसावं घर

एजन्सीच्या ऑफिसात त्यांना पाठीमागे ‘विंचू’ म्हणत आणि तोंडावर ‘काका’. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, एवढाच त्या नावाचा अर्थ. नांगी म्हणाल तर काकांची कोणी कधी पाहिली नव्हती. पंचवीस वर्षांत सव्वीस घरं ते राहिले आणि सोडून गेले, पण एकाही मालकाची तक्रार नव्हती. एकाने तर लेखी कळवलं होतं की घरात कोणी राहत होतं असं वाटतसुद्धा नाही. काकांनी ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं. काकूंनी ते एकदाच वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, “खरंच आहे की.”

काकांचं काम म्हणजे राहणं. इतर माणसं काम करून उरलेल्या वेळात राहतात. काकांना राहण्याचाच पगार मिळे. एजन्सीच्या कागदावर हुद्दा होता ‘निवासी राखणदार’. पूर्वी ते एका कापडाच्या पेढीवर कारकून होते. पेढी बंद पडली, तेव्हा दुसरं काही मिळेपर्यंत दोन-चार महिने, म्हणून त्यांनी हे धरलं. दुसरं काही अजून मिळायचं होतं.

अशा नोकऱ्या निघाल्या त्या एका कायद्यामुळे. पूर्वी घरमालक मनात आलं की भाडेकरूची भांडीकुंडी रस्त्यावर मांडत. त्याला आळा घालायला कायदा झाला: जो एका घरात सलग बारा महिने राहिला, आणि त्या पत्त्याचा एखादा कागद ज्याच्या हातात आहे, त्याला कोर्टाच्या हुकमाशिवाय हलवता येणार नाही. कायदा चांगल्या हेतूने झाला होता आणि चांगल्या हेतूच्या कायद्यांचं जे होतं तेच त्याचं झालं. भाडेकरूंना तो कळायला बरीच वर्षं लागली. रिकाम्या घरांचे कडीकोयंडे उचकटणाऱ्यांना तो आठवड्यात पाठ झाला. घर रिकामं दिसलं की आत शिरायचं, एक खाट टाकायची, खाटेवर एक आजारी म्हातारा ठेवायचा, आणि वर्षभर आवाज करायचा नाही. मग मालकाने कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या.

म्हणून परगावी गेलेले, भावाभावांत अडकलेले मालक एजन्सीकडे येत आणि एजन्सी त्यांच्या घरात काका-काकूंना ठेवी. चोर शिरू नये म्हणून एक भला माणूस आधीच आत बसवायचा. पण भला माणूससुद्धा बारा महिन्यांनी कायद्याला चोरासारखाच दिसतो, त्यामुळे अकरा महिने झाले की त्याला उचलून पुढच्या घरात ठेवायचं. भिंतीला खिळा मारायचा नाही. दारावर नाव लावायचं नाही. त्या पत्त्यावर पत्र, बिल, कार्ड काही मागवायचं नाही. सामान टेम्पोच्या एका फेरीत मावलं पाहिजे. मुलगी लहान होती तेव्हा शाळेच्या वहीवर पत्ता पेन्सिलीने लिहायची. आता ती लग्न होऊन दुसऱ्या गावी आहे. जावई घर बदलू म्हणाला की ती दोन दिवस बोलत नाही. माहेरचं वळण म्हणावं असं तिच्यात तेवढंच.

घरं काकांना पत्त्याने आठवत, काकूंना ओट्याने. कुठला ओटा इतका उंच की पोळी लाटताना खांदे कानाला लागत, कुठला इतका खाली की भाजी चिरून झाली तरी कंबर सरळ व्हायची नाही. सत्ताविसाव्या घराचा ओटा मात्र बरोबर बेताचा निघाला. पहिल्या दिवशी काकूंनी त्यावर दोन्ही तळहात टेकले, कोपर किती वाकतंय ते पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. काकूंच्या बाबतीत ही मोठी स्तुती होती.

घर तळमजल्याचं, बसकं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दाराशी एकच पायरी. काकूंचे गुडघे दोन वर्षांपासून गेलेले. डॉक्टर म्हणाले होते, जिने टाळा. अंगणाच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे एक निवृत्त बेलीफ एकटेच राहत. उभी हयात त्यांनी कोर्टाचे हुकूम हातात घेऊन लोकांना घराबाहेर काढण्यात घालवली होती. आता ते झाडांना पाणी घालत आणि भिंतीवर कोपरं टेकून कोणी बोलायला मिळतं का ते पाहत.

“काय शेजारी, महिना कितवा?” ते रोज विचारत, जसं दुसरं कोणी जेवलात का विचारील.

“नववा.”

“मग पोटुशी बाई आणि तुम्ही, दोघांनाही आता सांभाळायला हवं.”

या घराची कथा काकांना त्यांच्याकडूनच कळली. मालकीणबाई नर्स. नोकरी दुसऱ्या शहरात, आईवडील गेल्यावर घर कुलूपबंद. निवृत्त होऊन परतल्या तर दार आतून बंद, आणि खिडकीतून एक अनोळखी बाई विचारते, कोण पाहिजे? नऊ वर्षं कोर्टात गेली. हुकूम झाला, ताबा मिळाला, आणि नेमकी तेव्हाच धाकटी बहीण परगावी अंथरुणाला खिळली. बाई तिकडे गेल्या. पण घर आठवडाभरसुद्धा रिकामं ठेवायची त्यांना धडकी भरली होती, म्हणून एजन्सी.

“नऊ वर्षं,” बेलीफ म्हणाले. “मी एवढी माणसं काढली, पण खरं सांगू? काढताना बेरकी माणसाचं काही वाटायचं नाही, तो दुसऱ्या दिवशी दुसरीकडे घुसतोच. तुमच्यासारखा गरीब बिचारा आत निघाला की घाम फुटायचा. तो ‘हो साहेब’ म्हणून स्वतःच गादी गुंडाळायला लागायचा.”

काकांना हे स्तुतीपर वाटलं.

एजन्सीत एक रजिस्टरवाल्या बाई होत्या. दहावा महिना लागला की त्यांचा फोन येई: काका, खोकी जमवायला लागा. पंचवीस वर्षांत त्या एकदाही चुकल्या नव्हत्या. या वर्षी त्या निवृत्त झाल्या, रजिस्टर कपाटात गेलं आणि सगळ्या घरांच्या तारखा कॉम्प्युटरमध्ये भरल्या गेल्या. दहावा महिना लागला. फोन आला नाही.

काकांनी आठवडाभर वाट पाहिली. मग एकदा जेवताना म्हणाले, “अगं, खोकी आणायची का?”

“फोन आला का?”

“नाही.”

“मग कशाला घाई? ताक घ्या.”

एवढंच बोलणं झालं. पण पंचवीस वर्षं एका टेम्पोत बसलेल्या माणसांना याहून जास्त लागत नाही. काकूंनी अंथरुणाची जादा जोडी काढून उन्हात टाकली. तारखा लिहिलेला कागद त्या दर घरात कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवत, तो काकांना एक दिवस दिसला नाही. त्यांनी विचारलंही नाही. एजन्सीला फोन करून आठवण करून द्यावी हे त्यांच्या मनात येई, पण मग फोन कुठे ठेवलाय तेच आठवत नसे. संध्याकाळी काकू ओट्याशी उभ्या राहून गुणगुणत. काकांना वाटे रेडिओ चालू आहे. मग लक्षात येई की रेडिओ तेविसाव्या घरीच बिघडला होता.

ठरवलं असं कोणीच काही नव्हतं. कायद्याचा फायदा घ्यावा, घर बळकवावं, असले शब्द त्या दोघांच्या तोंडात शोभलेही नसते. फक्त आपणहून काही करायचं नव्हतं. न करणं काकांना अवघड जाऊ नये अशी काकूंची समजूत होती. त्यांचा पगारच त्याचा होता.

अकरावा महिना संपला त्या दिवशी दुपारी काका नेहमीप्रमाणे ओट्याच्या कडेला बसून मासिक अहवाल भरू लागले. छापील कागद, दर महिन्याला एक. पंचवीस वर्षांत असे जवळजवळ तीनशे भरून झालेले. गळती: नाही. वाळवी: नाही. अनोळखी व्यक्तींचा वावर: नाही. दारे-खिडक्या: ठीक. निवासाचा महिना: अकरावा. सही. पाकीट. कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकून ते भाजी घेऊन परत आले.

काकूंनी पिशवी हातात घेतली. “कुठे गेला होतात?”

“अहवाल टाकायला.”

“त्यात महिना लिहावा लागतो ना?”

काकांनी चपला काढल्या. एक नीट ठेवली, मग दुसरी तिच्या शेजारी नीट ठेवली.

“कितवा लिहिलात?”

“अगं, ते… हात आपला लिहीत जातो.”

“हात,” काकू म्हणाल्या. “बरं. हाताला विचारा, मला कुठे नेतोय ते.”

भाजी त्यांनी न निवडता तशीच टोपलीत ओतली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, “दवाखान्याच्या कार्डावर इथला पत्ता दिलाय मी.”

काका दारात येऊन उभे राहिले. “कधी?”

“पहिल्याच महिन्यात.”

पहिल्या महिन्यात! म्हणजे ओट्यावर हात टेकले त्याच आठवड्यात. तेव्हापासून ही बाई दिवस मोजत गप्प बसली होती, आणि काका हे नुसतं कॉम्प्युटरच्या चुकीने होतंय असं समजत होते. पंचवीस वर्षांत आपल्या घरात असं काही शिजू शकतं याचा त्यांना जरा अभिमानही वाटला. पण त्याचा आता काही उपयोग नव्हता.

चौथ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला.

“काका, तुम्ही धन्य आहात. अहवाल इथे कोणी उघडत नाही, तुमचा हा नेमका मी उघडला. आमच्या सिस्टीममध्ये तुम्ही सातव्या महिन्यात दाखवताय.”

“मग तेच बरोबर असेल,” काका म्हणाले. त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा कट होता.

“कसं असेल? तुमच्या हातचं आहे. तुमचा हात चुकतो होय? मालकीणबाईंना कळवलं मी, कळवायला लागतं. त्या इतक्या घाबरल्या की फोनवर पाणी प्यायल्याचा आवाज आला. म्हणतात, एजन्सी नको न् काही नको, मीच येऊन राहते. बहीण गेली त्यांची गेल्या महिन्यात. म्हणजे आमचं गिऱ्हाईकही गेलं. प्रामाणिकपणालाही काही वेळकाळ असतो, काका.”

“पुढचं घर?”

“एकच आहे. चौथा मजला. लिफ्ट आहे.”

“चालू आहे?”

“आहे म्हटलं. चालू कुठे म्हटलं?”

सामान या खेपेला काकांनी एकट्याने बांधलं. काकू रांधत, वाढत, भांडी घासत, आणि घासलेलं भांडं काकांनी खोक्यात ठेवलं तर खोक्यातून काढून पुन्हा फडताळात ठेवत. भांडण झालं नाही. भांडायला दोन माणसं उभी लागतात, आणि संध्याकाळपर्यंत दोघांतलं कोणीच उभं राहण्याच्या स्थितीत नसे.

“त्या बाईचं काय चुकलं?” एकदा काकांनी विचारून पाहिलं. “नऊ वर्षं गेली तिची.”

“माझी पंचवीस गेली. मी मोजून दाखवते का कोणाला?”

“पण घर तिचं आहे.”

“मी कुठे माझं म्हणते? मी राहते म्हणते. मालकी तिला लखलाभ होवो.”

कायद्याच्या पुस्तकात या दोन गोष्टींवर चारशे पानं आहेत. काकूंनी ती वाचली नव्हती.

मालकीणबाई यायच्या होत्या त्या दिवशी बारा महिन्यांना चार दिवस उरले होते. सकाळी टेम्पो आला. ड्रायव्हर जुना, ओळखीचा. हे त्याच्या हातचं बारावं स्थलांतर. त्याने आणि काकांनी मिळून दीड तासात घर रिकामं केलं. राहिली ती बाहेरच्या खोलीच्या मधोमध एक घडीची खुर्ची, आणि खुर्चीवर काकू, मांडीवर पर्स घेऊन. पर्समध्ये दवाखान्याचं कार्ड होतं.

“वहिनी, बसलात होय?” बेलीफ ताबा-पावतीवर साक्षीदार म्हणून सही करायला आले होते. त्यांनी खुर्चीभोवती एक चक्कर मारली, जुन्या पैलवानाने आखाडा पाहावा तशी. “कायद्याने मोठा पेच आहे बरं का. खुर्ची तुमची, फरशी त्यांची.”

“साहेब, तुम्ही तिला काही सांगू नका,” काका म्हणाले.

“मी कशाला सांगू? त्यांना माहीत दिसतंय सगळं. चार दिवस ना?”

“चार,” काकू म्हणाल्या.

ड्रायव्हरने दारातून डोकावून पाहिलं, मग न बोलता टेम्पोत जाऊन पेपर उघडला.

मालकीणबाई रिक्षातून उतरल्या. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात नवं कोरं कुलूप, दुकानातल्या पुठ्ठ्यासकट. दाराची एक पायरी चढताना त्यांनी चौकटीला धरलं, आधी उजवा पाय वर घेतला, मग डावा त्याच्याजवळ आणला. आत आल्या. खोलीच्या मधोमध बसलेली बाई पाहून तिथेच थांबल्या, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू उतरत गेला. बेलीफ नंतर म्हणाले की असा चेहरा त्यांनी फक्त आतल्या माणसांचा पाहिला होता, बाहेरून येणाऱ्याचा नव्हे.

“कोण पाहिजे?” असं काकू अर्थातच म्हणाल्या नाहीत.

“हिचे गुडघे दुखतात,” काका घाईघाईने म्हणाले. “उठेल आता.”

कोणी उठलं नाही. मालकीणबाईंना काय करावं कळेना, तेव्हा जे सगळेच करतात ते त्यांनी केलं: घर पाहायला लागल्या. आतल्या खोलीत गेल्या. तिथे अंधार. भिंतीवर हात फिरल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, मग बराच वेळ.

“बटण कुठे गेलं इथलं? दाराच्या डाव्या अंगाला होतं.”

“उजवीकडे आहे,” काकूंनी खुर्चीतून सांगितलं. “वायरिंग बदललंय.”

“उजवीकडे कुठे? नाही लागत.”

“जरा खाली. नाही, इतकं खाली नाही. भिंतीतल्या कपाटापलीकडे हात घाला. अहो, तिथे नका घालू, शॉक लागतो!”

आणि काकू उठल्या. खुर्चीच्या पाठीला धरून, आधी एक गुडघा, मग दुसरा, आणि आतल्या खोलीत जाऊन दिवा लावला. काका आणि बेलीफ खुर्चीकडे पाहत राहिले. दोघांनीही तिला हात लावला नाही.

आतून आवाज येत होते. नळ अर्धाच फिरवायचा, पूर्ण फिरवला की टपकतो. मागच्या खिडकीची कडी उचलून मग लोटायची. मग स्वयंपाकघर.

“हा आमचा नाही,” मालकीणबाई म्हणाल्या. “आईचा ओटा खाली होता, लाकडी फळीचा. हा त्या लोकांनी बांधलाय. फोडून टाकणार आहे मी.”

आतून ओट्यावर हात थोपटल्याचा आवाज आला.

“फोडू नका,” काकू म्हणाल्या. “हात टेकून पाहा आधी.”

दोघी बाहेर आल्या तेव्हा मालकीणबाई दमल्या होत्या. समोर खुर्ची दिसली आणि त्या तिच्यावर बसल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, बसतानाच मधे एकदा थांबून. काकूंनी ते बसणं लक्ष देऊन पाहिलं.

“मला तुमची सोबत चालली असती हो,” मालकीणबाई म्हणाल्या. “मागची खोली मोकळीच पडणार आहे. एकटीला हे घर खायला उठेल. पण वकील म्हणाला, बाई, मांजर ठेवा, माणूस ठेवू नका.”

“बरोबर आहे त्याचं,” काकू म्हणाल्या.

काकांनी पावतीवर सही केली. बेलीफांनी केली. मालकीणबाई उठायला लागल्या, म्हणाल्या, “ही खुर्ची तुमची.”

“राहू दे,” काकू म्हणाल्या. “तुम्हाला घरात बसायला काही नाहीये.”

काकांनी तोंड उघडलं, काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, काकांनी तोंड मिटलं. एक पायरी उतरून त्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या. पर्स मांडीवरच होती. बेलीफ भिंतीपाशी उभे होते. आज त्यांनी कोपरं टेकली नव्हती.

नव्या इमारतीत लिफ्ट खरोखर होती. तिच्या जाळीला तार गुंडाळलेली होती आणि आत कोणीतरी जुन्या झाडूंचा साठा केला होता. काकू कठडा धरून चढायला लागल्या. पहिल्या मजल्यावर थांबल्या, दुसऱ्यावर जास्त वेळ थांबल्या. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या वळणावर पायरीवर बसल्या त्या बसल्याच. काका किल्ली हातात घेऊन दोन पायऱ्या वर उभे होते.

“झालं, एवढंच राहिलंय,” ते म्हणाले.

“तुम्ही जा. बघून या ओटा कसा आहे.”

काका गेले नाहीत. खालून कुठल्यातरी घरातून फोडणीचा वास आणि बातम्यांचा आवाज येत होता.

“अहो,” काकू म्हणाल्या, “जिना कोणाच्या मालकीचा असतो?”

काकांनी विचार केला. पंचवीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, पण उत्तर येत होतं. “सामाईक.”

“म्हणजे कोणाचाच नाही.”

“नाही, म्हणजे सगळ्यांचा.”

“मग आपलापण?”

“राहणाऱ्यांचा,” काका म्हणाले, आणि दोन पायऱ्या उतरून तिच्या शेजारी बसले. किल्ली त्यांनी खिशात टाकली.

पाठीवर गादी घेऊन ड्रायव्हर वर आला. घामाने निथळत होता. दोघांना पाहून थांबला.

“काका, काकू, जरा भिंतीकडे सरकता का? वाट अडली.”

ती दोघं सरकली, गादी जाण्यापुरती, आणि बसून राहिली.